दोघांत एक कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी अर्धी अक्षरं झिजली आहेत आणि माझ्यावर लिहिणाऱ्या साईशच्या उंड्याचा, म्हणजे पावाचा, भुगा माझ्या पोटात गेला आहे. डिचोलीच्या एका लहानशा कचेरीत मी काम करतो. तिथली पद्धत न्यारी. एका संगणकापुढे दोघं बसतात. एकाने माझ्यावर प्रोग्रॅम लिहायचा, दुसऱ्याने तो बघत चुका काढायच्या आणि मग अदलाबदल करायची.

पण अदलाबदल करील तर तो साईश कसला! चोपडे गावचा हा मुलगा हुशार खरा, पण मला काही सोडायचा नाही. शेजारी मये गावची गौरवी बसायची, नवी आणि अबोल. तिची बोटं माझ्या कडेपर्यंत यायची आणि मागे फिरायची. मला फार वाईट वाटायचं. एकदा साईश चहाला गेला, तेव्हा ती आमच्या प्रमुख संजनाताईंना म्हणाली, "माका नाय जमणा. मी काम सोडतंय."

"त्याका एकदा तरी थांबयलंस?" संजनाताईंनी विचारलं.

तेव्हा नार्वे गावच्या शेतकऱ्यांसाठी एका प्रोग्रॅमचं काम चाललं होतं. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाचं दार वेळेवर खाली सोडावं लागतं. त्याची आठवण भरतीच्या तासभर आधी सगळ्यांच्या फोनवर जायची होती. साईशने घाईत तास वजा करायच्या ऐवजी मिळवला. म्हणजे शेत बुडाल्यावर आठवण! गौरवीच्या ते लक्षात आलं.

"साईश, थांब."

"मागीर सांग गो."

"मागीर नाय, आताच!" म्हणत तिने मला सरळ आपल्याकडे ओढलं. माझा तर ऊर भरून आला.

तिने तास वजा केला. साईश तोंड पाडून बसला. पण हात रिकामे झाले, तसे त्याचे डोळे कामाला लागले.

"अगो, रात्री बाराक भरती आयली तर? तारीखपण एक दीस मागे जाऊक होयी!"

"होय रे!" तिने तेही दुरुस्त केलं. मग साईश हळूच म्हणाला, "तू गप रवलं असतंस, तर लोकांची शेतां गेली असती."

दुसऱ्या दिवशी गौरवी आली. काम सोडायचं बोलणं तिने पुन्हा काढलं नाही. ती बसायच्या आतच साईशने मला तिच्यापुढे ठेवलं. "आज तू लिही. मी चुकी काढतंय."

"काढ तर!" ती हसून म्हणाली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंवरची धूळ जरूर पुसा, खाताना जरा जपा. पण शेजारचं माणूस गप्प बसलेलं दिसलं, तर धूळ राहू द्या. आधी मला त्याच्याकडे सरकवा.