पट्टीवरचा सात

“सांगून कोणाला पटायचं नाही,” शिडीवरून लांबणकाका म्हणाले आणि माळ्यावरची पेटी त्यांनी पोटाशी धरली. “पण सतरा वर्षं, दर हिवाळ्यात, ही पेटी मी या हातांनी उघडलीय. फळी काढायची, ऊन दाखवायचं, कूस बदलून परत झोपवायची. लाकूड वाळवणं म्हणजे तान्हं पोर वाढवण्यासारखं.”

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या बायकोला लागोपाठ तीन शिंका आल्या. पेटीवरची धूळ तिच्या केसांत उतरली होती.

“दर हिवाळ्यात,” ती म्हणाली.

यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे काकांना उमगेना.

धंदा सुतारकीचा. गल्लीने त्यांना लांबणकाका हे नाव उगाच दिलं नव्हतं. खुर्चीचा पाय बसवताना ते अशी गोष्ट लावत की गिऱ्हाईक घरी जाताना खुर्ची विसरून जाई. व्हायोलिन मात्र त्यांनी आयुष्यात एकच करायला घेतलं, मुलगी दहा वर्षांची होती तेव्हा, तिच्यासाठी. आता ती नोकरीतून चार दिवसांची रजा काढून आली होती. दर हिवाळ्यात फोनवर विचारायची, तेच तिने चपला काढता काढता विचारलं, “बाबा, यंदा पेटी उघडलीत का?”

“उघडली तर!” काका म्हणाले होते. “वाळलं एकदाचं. या खेपेला पुरं करतो.”

लाकूड पहिल्यापासून वाळलेलंच होतं. वरची फळी आतून कोरताना पटाशी घसरली आणि फळीला बोटभर तडा गेला, एवढीच खरी गोष्ट. नेमकी तेव्हाच पोरगी दारात उभी. “अजून ओलं आहे गं,” असं तोंडातून निघून गेलं आणि फळी पेटीत गेली. पोरीने इतक्या विश्वासाने मान हलवली की पुढे ती गोष्ट मोडायचा काकांना धीर झाला नाही. आता जुनी फळी गुपचूप चुलीत घालायची, नवी कोरायची, की मिटलं. तिला कळता कामा नये.

कामाच्या खोलीचं दार लोटून त्यांनी पेटी उघडली. तडा कुठे आहे ते बोटांना पाठ होतं. बोट तिथे गेलं आणि कशाला तरी अडलं. तड्यावर लाकडाचा एक तुकडा आडवा चिकटवला होता. त्यांनी फळी खिडकीशी नेली. तुकड्यावर काळ्या बारीक रेघा आणि सात हा आकडा. मोजपट्टी कापून लावलेली.

काकांनी आधी दाराला कडी घातली, मग विचार केला.

समोरच्या दुकानातला रंगारी? त्याला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं. राहिली बायको. शिवणाच्या डब्यात पट्टी तिच्याच. फुटक्या कपांचे कान चिकटवणारीही तीच. पाहुण्यांपुढे वाळवणाची गोष्ट रंगात आली की ही उठून आत का जायची, ते आज ध्यानात आलं. हसायला.

विचारावं, तर तडा कबूल करावा लागणार.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“अगं, तुझी शिवणाची पट्टी कुठंय?”

“डब्यात.”

“अख्खी?”

तिने सुरी खाली ठेवली. “पट्टी अर्धी कशी असेल? काय हवंय तुम्हाला?”

“काही नाही. सहज विचारलं.”

“तुम्ही सहज विचारत नाही काही. सहज सांगता फक्त.”

काकांनी डबा उघडून पाहिला. पट्टी अख्खी होती, सात जागच्या जागी. म्हणजे पुरावा झाकायला नवी आणली. बाई पक्की होती.

ते परत आले तर खोलीचं दार सताड उघडं, आणि मुलगी त्यांच्या स्टुलावर बसलेली. मांडीवर फळी, उताणी.

“हा तुकडा कसला, बाबा?”

मागोमाग बायकोही पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. आता ही बोलणार, असं वाटलं आणि काकांनी तिच्याआधी तोंड उघडलं.

“तो होय? गेल्या हिवाळ्यात बसवला. ऊन दाखवताना बघतो तर केसाएवढी चीर. मोजपट्टीचं लाकूड मुद्दाम घेतलं, त्याच्याइतकं सरळ दुसरं मिळत नाही. सरस घरी उकळला आणि तीन तास अंगठ्याने दाबून धरलं. खोटं वाटेल, पण दोन दिवस मूठ उघडत नव्हती.”

बायको पुढे झाली. तिने वाकून फळी पाहिली, आकड्यावरून बोट फिरवलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. ती हे पहिल्यांदाच बघत होती. काकांनी दाखवायला वर केलेला अंगठा तसाच राहिला.

मुलीने तुकड्याची कड नखाने खरवडली. एक पिवळी पापडी निघाली.

“सरस नाही हा,” ती म्हणाली. “शाळेच्या हस्तकलेचा डिंक आहे. पाचवीत पट्टी हरवली म्हणून रागावला होतात मला, आठवतं?” तिच्या आवाजात राग नव्हता. “मला वाटलं, पुढच्या हिवाळ्यात तुम्ही बघाल. म्हणून तर दर वर्षी विचारायचे.”

तिने फळी त्यांच्या हातात दिली.

“तुम्ही ही पेटी एकदाही उघडली नाहीत, बाबा.”