वर्षाचा शिक्का

मित्रांनो, तुमच्या घरात एक ड्रॉवर असतो. त्यात संपलेल्या बॅटऱ्या, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या आणि कशालाच न लागणारे चार्जर पडलेले असतात. तसल्याच एका ड्रॉवरमध्ये माझा मुक्काम आहे. मी एक जुना पासपोर्ट आहे. फिलिपीन्सचा. माझी मुदत केव्हाच संपली. राहतो नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला लागून असलेल्या बेस्ट नावाच्या गावात, आणि बोलतो मराठी. हे कसं काय, ते सांगतोच. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून नावं ठेवू नका. माझा स्वभाव काही चांगला नाही. मला दुसऱ्याचं बरं बघवत नाही.

माझा जन्म मनिलाच्या बाहेरच्या एका मोठ्या छापखान्यात झाला. डाळिंबी रंगाचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि आत मारिसेलचा फोटो. केस मागे घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर हसू नाही, डोळ्यांत मात्र सगळी दुनिया बघायची घाई. मारिसेल इलोइलो नावाच्या गावची. मी घरी आलो तेव्हा तिच्या आईने, लोर्देसबाईंनी, आधी हात धुतले, पदराला पुसावेत तसे ते झग्याला पुसले आणि मगच मला हातात घेतलं. असा मान मला नंतर कुणी दिला नाही.

पुढे माझ्या पानावर नेदरलँड्सचा व्हिसा चिकटला आणि मारिसेल नायमेखनला एका डच कुटुंबातली मुलं सांभाळायला आली. त्या दिवसांत माझा थाट काय सांगू! मी नसलो तर तिचं पान हलत नसे. बँकेत मी, डॉक्टरकडे मी, विमानतळावर तर सगळ्यांत पुढे मी. खरं सांगायचं तर मी फार ताकदवान नव्हतो. एकदा तिला चार दिवस लंडन बघायचं होतं, तर केवढे कागद जोडावे लागले! पगाराची पावती, मालकाचं पत्र, परत येणार याचा पुरावा. तरी बिचारीने कधी मला बोल लावला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशीखाली ठेवायची.

डच भाषेच्या वर्गात तिला सतीश भेटला. पुण्याचा मुलगा, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या एका कंपनीत इंजिनिअर. दोघांनाही ते घशातून खाकरल्यासारखे डच उच्चार जमत नव्हते. हसता हसता जमलं, आणि खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, लग्न लागलं. सतीश आधी डच नागरिक झाला. तेव्हा त्याचा भारतीय पासपोर्ट जमा करून घेतला गेला आणि रद्दचा शिक्का मारून परत आला. तो या ड्रॉवरमध्ये येऊन पडला. त्याच्याकडूनच मी मराठी शिकलो. दुसरा उद्योग काय होता आम्हाला?

मग मारिसेलही डच झाली. फिलिपीन्सचं नागरिकत्व त्याबरोबर गेलं, आणि घरात तो आला. नवा पासपोर्ट. लाल, गुळगुळीत, कव्हरवर मुकुट घातलेले सिंह. माझाही रंग तांबडाच, पण त्याच्याकडे बघून मारिसेलचे डोळे जसे चमकले तसे माझ्याकडे बघून चमकायचे बंद होऊन बराच काळ झाला होता. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही. याला कुणी पगाराची पावती विचारत नाही. विमानतळावर हा नुसता काचेवर टेकला की दार उघडतं. कॅनडाला हा, जपानला हा. सहलीहून आला की ड्रॉवरच्या वरच्या कप्प्यात ऐटीत पडायचा आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांना कुठली हवा कशी होती ते ऐकवायचा. मेल्याला आमच्याशी बोलताना जांभई यायची. आणि एकदा तर मारिसेल पंधरा दिवसांसाठी इलोइलोला गेली, तेव्हाही यालाच घेऊन गेली. डच पासपोर्टवाल्यांना तिथे तीस दिवस राहायला व्हिसा लागत नाही. माझ्या गावाला हा गेला, माझ्या लोर्देसबाईंनी याला हातात घेतलं असेल, आणि मी इथे बॅटऱ्यांच्या शेजारी. त्या पंधरा दिवसांत मी जळून कोळसा कसा झालो नाही, याचंच नवल वाटतं.

गेल्या वर्षी इलोइलोहून फोन आला. लोर्देसबाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण चालायला शिकवायला घरचं माणूस हवं होतं. मारिसेल इथे वृद्धांची शुश्रूषा करायचं काम करते. परक्यांच्या आयांना रोज धरून चालवणारी ती, आपल्या आईसाठी थांबते होय? तिने तीन महिन्यांची रजा टाकली आणि तिकीट काढलं.

तीस दिवस पुरणार नव्हते. तेव्हा तिने नियम वाचले. पूर्वी फिलिपिनो असलेला माणूस परत येत असेल, तर त्याला तिथे उतरल्यावर व्हिसाशिवाय वर्षभर राहायचा शिक्का मिळतो. फक्त आपण मूळचे तिथलेच, याचा पुरावा दाखवायचा. जन्माचा दाखला, किंवा जुना पासपोर्ट. जन्माचा दाखला इलोइलोच्या घरी होता. उरलो कोण? मी!

तिने ड्रॉवर उघडला, मला बाहेर काढलं, फुंकर मारली आणि बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं. त्या लालच्या अगदी शेजारी. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायची गरजच नव्हती.

पण माझा आनंद सकाळपर्यंतच टिकला. मारिसेल अंघोळीला गेली, तेव्हा सतीशने बॅग उघडली, मला काढलं आणि परत ड्रॉवरमध्ये टाकलं. का, ते मला ड्रॉवरमधल्या माझ्या शेजाऱ्याने, सतीशच्या त्या रद्द झालेल्या भारतीय पासपोर्टने समजावलं. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एकच भीती सारखी फिरत असते: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की जुना पासपोर्ट जवळ बाळगायचा नाही, दोन दिसले की पंचाईत. सतीशने स्वतःचा पासपोर्ट जमा करताना हा धडा घोकून घोकून पाठ केला होता. फिलिपीन्सचं गणित वेगळं असेल, तिथे जुनाच पासपोर्ट दार उघडत असेल, हे त्याच्या गावीही नसेल, असं शेजारी म्हणाला. मला ते पटलं. सतीशला मी मूर्ख म्हटलं आणि रडत पडलो.

मारिसेल एकटीच ट्रेनने स्किपोल विमानतळावर गेली. सतीशची मीटिंग होती. बरोबर बॅग आणि टेप गुंडाळलेला एक भला मोठा खोका. परदेशातून घरी जाणारा फिलिपिनो माणूस असा खोका नेल्याशिवाय जात नाही. त्यात चॉकलेटं, साबण, टॉवेल, आईसाठी मऊ चपला. आणि तिकडची माणसं विमानतळावर नेहमी फार लवकर पोचतात. त्या सवयीनेच पुढे वाचवलं.

विमान कंपनीच्या काउंटरवर काय झालं ते मला लालने मागाहून सांगितलं, तेही चेहरा पाडून. तिथल्या बाईने त्याला उघडलं, परतीची तारीख बघितली आणि म्हणाली, डच पासपोर्टवर तीस दिवस, तुमचं परतीचं तिकीट तीन महिन्यांनी. व्हिसा आहे का? मारिसेल हसून म्हणाली, व्हिसा नको, मी मूळची तिथलीच. आणि तिने पुढच्या कप्प्यात हात घातला. मी नव्हतो. तिने सगळी बॅग उलटी केली. जन्मगाव लिहिलंय बघा, म्हणाली. बाईने वरिष्ठांना विचारलं. त्यांना कागद हवा होता. इतका सगळीकडे दारं उघडणारा तो लाल, तिथे ठोंब्यासारखा काउंटरवर पडून राहिला. हे ऐकताना मला जे वाटलं ते लिहायला नको. मुलं वाचणार आहेत.

तिचा फोन आला तेव्हा सतीशने मीटिंग तशीच सोडली. ड्रॉवर इतक्या जोरात ओढला की बॅटऱ्या जमिनीवर. मला शेजारच्या सीटवर ठेवून त्याने गाडी हाणली. उट्रेक्टच्या अलीकडे गाड्या तुंबलेल्या. तो एकदा घड्याळाकडे बघे आणि एकदा माझ्याकडे. ते बघणं मला विचित्र वाटलं. चूक झालेल्या माणसाचं नव्हतं ते. चिडलेल्या माणसाचं होतं, आणि चिडला होता तो माझ्यावर. मी काय घोडं मारलं होतं याचं?

पोचलो तेव्हा काउंटर अजून उघडा होता. मारिसेल खोक्यावर बसली होती. तिने मला घेतलं, छातीशी धरलं आणि विचारलं, "मी ठेवला होता. कुणी काढला?"

ही दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, मी मराठीत सांगतोय.

"मी," सतीश म्हणाला. "दोन पासपोर्ट दिसले तर तुला अडवतील, असं वाटलं."

ती खोक्यावरून उठून उभी राहिली. मग तो खाली बघून म्हणाला, "आणि वर्षाच्या शिक्क्याचंही मी वाचलं होतं. वाटलं, तीस दिवसांचा मिळू दे. लागेल तसा वाढवून घेशील, पण तारीख तरी राहील. वर्ष मिळालं तर तू वर्षभर राहशील. कदाचित येणारच नाहीस."

म्हणजे बघा! मी ड्रॉवरमध्ये पडून त्या लालवर जळत होतो, आणि हा शिकलासवरलेला माणूस सोफ्यावर बसून माझ्यावर जळत होता! कारण माझ्यामुळे तिला परत जायची जागा होती, आणि ती जागा त्याच्या हातात नव्हती. मला आधी गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू? माझा कुणी हेवा करावा, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण मग मारिसेलने मला छातीपासून दूर करून त्याच्यासमोर धरलं आणि गुदगुल्या थांबल्या.

"आई पायावर उभी राहिली की मी येणार," ती म्हणाली. "हे मी तुला सांगितलं होतं. तू शिक्क्याचं ऐकलंस, माझं नाही."

तिने मला काउंटरवर ठेवलं. बाईने फोटो बघितला, मारिसेलकडे बघितलं, मान हलवली. खोका पट्ट्यावर गेला. मारिसेल मागे वळून न बघता आत गेली. सतीश तिथेच उभा होता.

मनिलाला अधिकाऱ्याने आम्हा दोघांनाही घेतलं. मला उघडून बघितलं, तिच्या बोलीत काहीतरी आपुलकीचं बोलला, आणि वर्षाचा शिक्का मारला. कुणावर? त्या लालवर! काम माझं, शिक्का त्याच्या पानावर. माझी मुदत संपलेली, माझ्यावर आता कुणी शिक्का मारत नाही, हे मला कळतं. पण कळून काय उपयोग? इलोइलोपर्यंत मी त्याच्याशी अबोला धरला.

लोर्देसबाई खाटेवर होत्या. मारिसेलने सगळी हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी मला मागितलं. आता त्यांना उठून हात धुता येत नव्हते, म्हणून त्यांनी मुलीकडून ओला रुमाल मागून घेतला, बोटं पुसली आणि मग मला उघडलं. तो फोटो कितीतरी वेळ बघितला. म्हणाल्या, हा माझ्यापाशी राहू दे, ही घरातून गेली तेव्हाची मुलगी आहे. मित्रांनो, माझा जीव नुसता टांगणीला लागला. इतक्या वर्षांनी कुणाला तरी मीच हवा होतो, तो लाल नाही. राहावं वाटलं. फार वाटलं.

मारिसेलने मात्र मला त्यांच्या हातातून हळूच सोडवून घेतलं. "नाही नानाय," ती म्हणाली. नानाय म्हणजे आई. "हा इथे राहिला तर मी परत तुझ्याकडे कशी येऊ?"

लोर्देसबाईंनी लगेच सोडलं मला.

तीन महिन्यांत म्हातारी आधी खाटेच्या कडेला बसली, मग उभी राहिली, मग मऊ चपला घालून, लेकीचा दंड धरून चर्चपर्यंत गेली. सतीशचा रोज फोन यायचा. पहिले काही आठवडे मारिसेल हो-नाही एवढंच बोलायची. पुढे आईने फोन हिसकावून त्याला चपला दाखवल्या, तेव्हापासून जरा सुरळीत झालं. आणि आई पायावर उभी राहिल्यावर, ठरल्या तारखेला, मारिसेल निघाली. वर्षातले कितीतरी महिने तसेच न वापरलेले राहिले.

स्किपोलला सतीश आला होता. गाडीत बसल्यावर त्याने लाल पासपोर्ट मागितला, शिक्का शोधला, त्यावरची तारीख वाचली आणि पासपोर्ट मिटला. मग म्हणाला की त्यानेही आता नियम नीट वाचलेत. परत येणाऱ्या बायकोबरोबर नवराही उतरला, तर डच पासपोर्टवर त्यालासुद्धा वर्षाचा शिक्का मिळतो.

"बरोबर उतरला तर," मारिसेल म्हणाली. "मागून एकटा आलास तर तीसच दिवस."

"बरोबरच येतो," तो म्हणाला. गाडी बराच वेळ सुरूच झाली नाही.

आता माझी जागा ड्रॉवरमध्येच आहे, पण वरच्या कप्प्यात, स्वच्छ पाकिटात. डिसेंबरची तिकिटं आली आहेत. तेव्हा मित्रांनो, घरातल्या आईबाबांचे, आजी-आजोबांचे जुने पासपोर्ट, दाखले जपून ठेवा. मुदत संपली म्हणून फेकू नका, आणि दुसऱ्याच्या बॅगेतून तर मुळीच काढू नका. अडलंच काही, तर त्या माणसाला आधी विचारा.

तुम्हाला वाटेल, आता तरी हा सुखी झाला असेल. कसला सुखी! सतीशला वर्षाचा शिक्का हवा, तर तो मारिसेलचा नवरा आहे याचा पुरावा लागतो. काल माझ्या पाकिटात एक कोरा करकरीत कागद आणून ठेवलाय. खेमेन्तेतून काढलेला लग्नाचा दाखला. दोघांची नावं शेजारी शेजारी, खाली ठळक सही, आणि वर एक नाही, दोन शिक्के.