दोघांची नाव

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास नदीवरून हाक यायची आणि बाळाबाईच्या हातातलं काम तिथंच थांबायचं.

"गणपा, ये की रं."

हाक तानाबाईची. बाई सत्तरीच्या पुढची, पण आवाज असा की पलीकडच्या मळ्यातली माणसं मान वर करून बघायची. गणपतराव ओसरीवर त्याच हाकेची वाट बघत बसलेले असायचे. टॉवेल खांद्यावर टाकून "आलो जरा" म्हणायचे आणि उतारानं घाटाकडं निघायचे. गुडघे दुखतात म्हणून दळणाचा डबा न उचलणारा माणूस रविवारी कसा तरातरा चालतो, हे बाळाबाई चुलीपाशी उभी राहून बघायची आणि भाकरी करपू द्यायची.

कारण होतं एक बोट. तानाबाईच्या मुलानं, सयाजीनं, दिवाळीनंतर ती घेतली होती. शिरोलीला त्याचा कारखाना होता आणि हाताशी पैसा खेळत होता. मासे धरायला नाही, वाळूला नाही, नुसती फिरायला म्हणून घेतलेली बोट गावात पहिलीच. पांढरी, अंगावर निळा पट्टा, मागं इंजिन, वर कापडी छप्पर, आत सहा माणसांची बैठक. बंधाऱ्याला पाणी अडवायच्या फळ्या, म्हणजे बरगे घातले की गावापाशी पंचगंगा तुंबून तळ्यासारखी होते. त्या पाण्यात सयाजी आईला फिरवायचा. पण त्याला बोट होती तरी नदी ठाऊक नव्हती. जुन्या मोटेचा दगडी पाया कुठं बुडालाय, गाळ कुठं साचलाय, हे सांगायला माणूस पाहिजे होता. गणपतराव तरुणपणी होड्यांच्या शर्यतीत पुढच्या वल्ह्यावर बसायचे. तेव्हा मान त्यांचा, आणि जागा तानाबाईच्या शेजारची.

बाळाबाईला बोटीचं एवढं वाटलं नसतं. तिला सलायची ती हाक.

तानाबाई गावचीच लेक, आणि दिलीही गावातच. लहानपणी ज्याच्याबरोबर चिंचा पाडल्या त्याला ती आजही गणपाच म्हणायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बाळाबाई कागलची. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, डोकीवर पदर घेऊन, चारचौघींच्या आग्रहाला मान देऊन. एरवी "अहो". घरात अहो, शेतात अहो, दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं तर नातीकडं बोट. जे नाव तिनं मंगळसूत्रासारखं जपलं, ते ही बाई दर रविवारी अख्ख्या नदीवर उधळायची.

त्यातून ती काहिलीची गोष्ट.

बाळाबाई या घरात यायच्या दोन वर्षं आधी मोठा पूर आला होता. गावात तेव्हा एकच होडी आणि ती वाहून गेलेली. मग गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहील पाण्यात सोडली. रुंद, सपाट बुडाची, लोखंडी. गणपतरावांनी, म्हणजे तेव्हाच्या सतरा वर्षांच्या गणपानं, त्या काहिलीत बसवून तानाच्या घरची माणसं टेकावर नेली. शेवटच्या खेपेला काहिलीत एकटी ताना, एक शेळी आणि तो. काहील सरळ जात नाही, स्वतःभोवती फिरते. तानाला म्हणे गरगरलं आणि तिनं गणपाचा दंड धरला तो टेक येईपर्यंत सोडला नाही. ही गोष्ट तानाबाईनं हळदीकुंकवात सांगितली, बारशात सांगितली, स्वतःच्या नवऱ्याच्या तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनाही सांगितली. बाळाबाईला ती इतकी पाठ होती की शेळीचा रंगसुद्धा माहीत होता. आणि ती स्वतः या गावात आली होती एसटीनं, मागच्या सीटवर, उलटी करत.

माघातल्या एका रविवारी गणपतराव परत आले ते कानशिलं लाल करून, हसत. जेवायला बसल्यावरही मधेच हसले. बाळाबाईनं आमटीचा डाव भांड्यात आपटला आणि म्हणाली, "मला नाव घ्यायचीय."

गणपतरावांचा डावा कान जरा मंदच. त्यांनी घास थांबवला. "आता? कुणाचं लगीन हाय?"

"लगीन न्हवं. नाव. पाण्यातली."

ते इतके हसले की ठसका लागला. बाळाबाईनं पाणी दिलं, पण पाठीवरून हात फिरवला नाही. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, तुला पोहता येत नाही, विहिरीत वाकून बघायला भितेस, नाव घेऊन करणार काय? ती म्हणाली, बसणार.

ही गंमत पुढच्याच रविवारी बोटीवर पोहोचली. तिसऱ्या दिवशी तानाबाई चक्कीवर भेटली. चार बायकांदेखत तिनं डोळे बारीक केले. "काय बाळाबाई, नाव घेतलीस का घेतलंस?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाळाबाई दळण तिथंच टाकून घरी आली आणि नातीला, मोनाला म्हणाली, उद्या गाडी काढ.

मोना कॉलेजला जाणारी. तिनं आधी मोबाईलवर बोटी दाखवल्या. एक हवा भरायची रबरी, एक दोन माणसांची पण पाय लांब करून बसायची, एक पायडल मारायची, बदकाच्या तोंडाची. बाळाबाईनं बदकाकडं बघून नाक मुरडलं. शेवटी दोघी स्कूटरवरून अल्लाउद्दीनभाईंच्या शेडवर गेल्या. अल्लाउद्दीनभाई पूर्वी गुऱ्हाळांच्या काहिली ठोकायचे. गुऱ्हाळं कमी झाली, पूर वाढले, तसे ते पत्र्याच्या अन् फायबरच्या होड्या करू लागले. गणपतरावांबरोबर ते शर्यतीत वल्ह्याला होते, म्हणून बाळाबाईला वहिनी म्हणायचे.

त्यांनी आधी चहा मागवला आणि मग विचारायला सुरुवात केली. बसणार किती जण? वल्हं कोण मारणार? पाण्यापर्यंत उचलून कोण नेणार, की घाटालाच बांधून ठेवणार? पूर आला तर कुठं चढवणार? मासे धरायचेत का? लांब जायचंय का? बाळाबाईला वाटलं, मुलगी बघायला आलेत का काय हे.

"सयाजीच्या बोटीपेक्षा लांब पाहिजे," ती म्हणाली. "हातभर तरी."

अल्लाउद्दीनभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. शेडच्या कोपऱ्यात एक होडी पालथी पडली होती, आखूड, रुंद, कडेला बुटकी. ती त्यांनी सुलटी करून जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, वहिनी, पाय टाकून बघा. बाळाबाईनं लुगडं सावरून पाय टाकला, सहज गेला. मग त्यांनी मोठी दाखवली. तिची कड गुडघ्याच्या वर. बाळाबाईनं पाय उचलला, अर्ध्यावर थांबली आणि कुणी बघत नाहीसं पाहून खाली ठेवला.

"ही बुटकी दोघांची हाय," ते म्हणाले. "सपाट बुडाची, हलत न्हाय. गणपतला एका वल्ह्यावर झेपंल. तुमाला हीच पुरती."

"ही काहिलीसारखी दिसती."

"काहिलीवरनंच बेतलीया."

तेवढं ऐकलं आणि बाळाबाईनं मोठीवर हात ठेवला. ही पाहिजे, म्हणाली. अल्लाउद्दीनभाईंनी मोनाकडं पाहिलं, मोनानं खांदे उडवले. पंधरा दिवस वापरून बघा, नाही जमलं तर बदलून देईन, एवढं म्हणाले.

मोठी होडी रविवारी सकाळी टेम्पोतून घाटावर उतरली. बाळाबाईनं मुद्दाम रविवार निवडला होता. कुंकू, हळद, नारळ आणला होता. सयाजीची बोट समोरच थांबली होती आणि छपराखाली तानाबाई पाय पसरून बसली होती. घाटावर धुणी टाकून बायका उभ्या राहिल्या. म्हशी धुणारे चौघे गडीही थांबले. होडी खरंच सयाजीच्या बोटीपेक्षा हातभर लांब होती. बाळाबाईनं ती लांबी एकदा डोळ्यांनी मोजली, एकदा तानाबाईच्या चेहऱ्यावर मोजली, आणि तिला दिवाळीपासून वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

मग चढायची वेळ आली.

पायरीवरून कड उंच. होडी पाण्यात मागंपुढं होत होती. मोनानं एक हात धरला, अल्लाउद्दीनभाईंनी होडी दाबून धरली, तरी गुडघा वर जाईना. दुसऱ्यांदा लुगड्याचा काठ भिजला. तिसऱ्यांदा ती पायरीवर बसलीच. कुणी हसलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

गणपतरावांना ते बघवलं नाही. म्हणाले, थांब, आधी मी एक फेरी मारून आणतो, सवय झाली की बघू. ते आत चढले, दोर सोडला आणि वल्हं हातात घेतलं. सहा माणसांची होडी, आत एकटा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. घाटाच्या आडोशातून बाहेर आल्याबरोबर वाऱ्यानं होडीला फिरवलं आणि बंधाऱ्याकडं रेटायला सुरुवात केली. गणपतराव तोंड वरच्या अंगाला करून वल्हं मारत राहिले. होडी मागं जात होती आणि त्यांचा हट्ट पुढं.

अल्लाउद्दीनभाई दोराचं वेटोळं घेऊन काठानं धावले. दोर टाकायचा तर गणपतरावांनी मागं बघायला पाहिजे होतं. सयाजीनं इंजिन चालू केलं, त्या आवाजात तर काहीच ऐकू जाईना. वाट दाखवणारे गणपतरावच नसताना बंधाऱ्याकडं बोट न्यायचा त्याला धीरही होईना, त्यानं ते परत बंद केलं.

"गणपा," तानाबाई ओरडली. "गणपा, मागं बघ."

गणपतरावांनी मान न वळवता हात हलवला. रविवारी ओसरीवरून हलवायचे तसा, येतो येतो. ती हाक त्यांच्या कानाला इतकी सरावली होती की ती आता कोकिळेसारखी झाली होती, ऐकायची आणि आपलं काम करायचं. तानाबाईनं आणखी दोनदा हाक मारली. दोन्हीदा हात हलला.

बाळाबाई पायरीवरून उठली. "अहो," तिनं हाक मारली. म्हशी धुणारे चारही गडी वळून बघू लागले. "अहो, अहो." सयाजीसुद्धा वळला. ज्यानं वळायचं तो वळेना. बंधारा आता शंभर पावलांवर होता, फळ्यांच्या फटींतून पाण्याचा आवाज इथवर येत होता.

बाळाबाईनं डोकीवरचा पदर सारखा केला. का केला, ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. उखाण्याची सवय.

"गणपतराव."

आवाज चिरका निघाला, पण निघाला. होडीत गणपतरावांचं वल्हं हवेतच थांबलं. ते वळले. दोराकडं नाही, अल्लाउद्दीनभाईंकडं नाही, सरळ घाटाकडं, आणि पाण्यातून कोणी बोललं असावं तसे बघत राहिले. वल्हं हातातून सुटलं. दोर त्यांच्या मांडीवर येऊन पडला तेव्हा कुठं भानावर आले आणि त्यांनी तो धरला.

होडी काठाला लागल्यावर ते पहिल्यांदा बोलले ते एवढंच, "तू हाक मारलीस?"

"मग कोण मारणार?" बाळाबाई म्हणाली आणि भिजलेला काठ पिळू लागली. घाटावरच्या बायका आता मात्र मोकळेपणानं हसत होत्या. तानाबाई हसली नाही. तिनं छपराखालून एकदा बाळाबाईकडं पाहिलं आणि सयाजीला म्हणाली, ऊन झालंय, चल घरी.

सोमवारी अल्लाउद्दीनभाईंनी मोठी नेली आणि बुटकी आणून घाटाला बांधली.

पुढच्या रविवारी नऊला हाक आली, नेहमीसारखी. गणपतरावांनी टॉवेल उचलला. बाळाबाई चुलीपाशी उभी राहिली, तवा तापत होता. त्यांनी टॉवेलची चौपदरी घडी केली आणि विचारलं, "बुटकीतली फळी टणक हाय, त्यावर घालतो. येतीस न्हवं?"

बुटकीत पाय सहज गेला. नदीत थोडं पुढं गेल्यावर वाऱ्याची एक झुळूक आली आणि होडीनं स्वतःभोवती अर्धी गिरकी घेतली. गाव, घाट, मळा, बंधारा सगळं डोळ्यांसमोरून फिरलं. बाळाबाईनं दोन्ही हातांनी गणपतरावांचा दंड धरला. आणि गिरकी थांबल्यावरही सोडला नाही, कारण पांढरी बोट जवळ आली होती.

तानाबाईनं बोटीतून वाकून होडीची रुंदी बघितली, बूड बघितलं, धरलेला दंडही बघितला. काहिलीची आठवण तिच्याही डोळ्यांत आली असावी, कारण तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"बाळाबाई, मला बी घे की एक फेरी."

बाळाबाईनं फळीकडं पाहिलं. तिसऱ्याला बसायला वीतभरसुद्धा जागा नव्हती. अल्लाउद्दीनभाईंच्या कारागिरीचं तिला तेव्हा फार कौतुक वाटलं.

"घेतली असती," ती म्हणाली. "पर ही दोघांचीच हाय."