बेऐब बोकड

स्कूटर पुरती थांबायच्या आतच सुनेत्राने उडी मारली आणि ती बन्ने मियाँच्या अंगणाकडे धावत सुटली.

"अगं, पडशील!" अनुप मागून ओरडला. "तुझे खडे अजून माणसांना चालत नाहीत!"

नवऱ्याच्या विनोदावर हसायला तिला फुरसत नव्हती. नागपूरला बहिणीच्या लग्नात बाई इतकी रमली, की मधे बकरीद येते हेच विसरली. लखनौला परतली ती आज सकाळी, आणि बकरीद होऊन गेली काल.

हाडात असतात त्याच क्षारांचे पांढरे खडे ती लॅबच्या भट्टीत भाजून करायची. मोडलेल्या हाडातली पोकळी त्यांनी भरायची. मग खडे हळूहळू विरतात आणि त्यांच्या जागी खरं हाड येतं. निदान यावं, अशी आशा. आधीच्या बोकडांनी ती धुळीला मिळवली होती. आता उरला होता हा एकच, मागच्या मोडक्या पायात खडे भरलेला. लॅबमध्ये हिंडायला जागा नाही म्हणून त्याला इथे, शहराबाहेर बख्शी का तालाबला, बकऱ्या पाळणाऱ्या बन्ने मियाँकडे ठेवलेलं.

अंगणातला खुंटा रिकामा होता.

"चाचा, बकरा?"

"अरे बिटिया, बैठो तो. क्या बताएँ!" बन्ने मियाँ कपाळावर हात मारत म्हणाले.

ती खाटेच्या कडेवर टेकली.

"परसों चौक से गाहक आए, साथ में एक मौलाना. हमने कहा, बिकाऊ नहीं है, अमानत है. ऊपर से ऐब वाला, पिछली टाँग टूट चुकी है. मौलाना ने चलवाया, दौड़वाया, चारों टाँगें टटोलीं. फिर हमीं पर बिगड़ गए! बोले, नहीं बेचना तो मत बेचो, झूठ काहे बोलते हो? जानवर बेऐब है."

कुर्बानीच्या जनावरात ऐब, म्हणजे खोट, चालत नाही. त्यामुळे ते पाहायला येणारा माणूस खोट शोधायलाच आलेला असतो. इतकी कडक तपासणी सुनेत्राच्या लॅबमध्येही होत नसे.

"पर है कहाँ?"

"पीछे. रस्सी तुड़ा के नीम खा रहा है."

बोकड मागच्या दोन पायांवर सरळ उभा होता. पुढचे पाय झाडाच्या बुंध्याला टेकवून पाला ओरबाडत होता. सुनेत्राचा जीव भांड्यात पडला. ती हसली, मग डोळे पुसले, मग परत हसली. अनुपने नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अपनी अमानत ले जाइए," बन्ने मियाँ म्हणाले. "वहाँ अब इसका क्या होगा?"

पुढचं ठरलेलंच होतं. बोकड मारायचा, हाड काढायचं, काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. हे तिने चाचांना कधी सांगितलं नव्हतं. अनुप उगाच स्कूटरकडे पाहू लागला.

"हड्डी का फोटो निकालेंगे, चाचा," ती म्हणाली. "फिर यहीं छोड़ जाएँगे."

परतीच्या वाटेवर अनुपने स्कूटर जरा हळू केली.

"लॅबमधल्या सरांना काय सांगणार?"

"अजून दोन वर्षं निरीक्षण आवश्यक आहे."

"आणि दोन वर्षांनी?"

"तेव्हाही आवश्यकच असेल," ती म्हणाली आणि वाऱ्याने उडणारी ओढणी तिने नीट खोचून घेतली.