बाकाच्या अलीकडे

मी एक जुना पट्टा आहे, आणि जुना झालो ते बरंच झालं. मित्रांनो, वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की हळहळतात. छत्री हळहळते, खुर्ची हळहळते. मला तसं बोलता येणार नाही. मला राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही.

मी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा पट्टा आहे, पण साधा नाही. माझ्या पोटाशी काडेपेटीएवढी एक डबी आहे. तिच्यातून दोन बोथट खिळे बाहेर आलेले आहेत. ते केसांतून थेट कातडीला टेकतात. अंगणाच्या कडेने जमिनीत एक वायर पुरतात आणि तिची टोकं घरातल्या भिंतीवरच्या पेटीला जोडतात. कुत्रा वायरजवळ आला की मी आधी बारीक आवाजात पिं पिं करतो. तरीही तो पुढे आला तर त्याला विजेचा झटका देतो. याला म्हणे न दिसणारं कुंपण म्हणतात.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. माझे खिळे बसवणारी बाई दिवसभर खिळे बसवायची आणि संध्याकाळी घरी जायची. माझ्या खोक्यावर हिरव्या गवतात बसलेला एक आनंदी कुत्रा छापला होता. नीट पाहिलं तर त्याच्या गळ्यात मी नव्हतोच. साधा लाल पट्टा होता.

दुकानात एका माणसाने मला हातात घेऊन विचारलं, "याने लागत तर नाही ना?"

"छे हो, गुदगुल्या होतात नुसत्या," दुकानदार म्हणाला.

गुदगुल्यांनी कुत्रा थांबतो का, हे त्या माणसाने विचारलं नाही. त्याला घाई होती. त्याने मला आपल्या वडिलांच्या घरी नेलं.

वडिलांना सगळी गल्ली नळवाले आजोबा म्हणायची. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या घरी पाण्याच्या लाइनी टाकल्या होत्या. लोखंडी पाइपांवर हातोडा मारून मारून त्यांचे कान अधू झाले होते. त्यांची बायको नुकतीच वारली होती. गोंड्या तिचा कुत्रा. शेपटीच्या टोकाला झुबका, म्हणून गोंड्या. तिने त्याला भाजीच्या पिशवीतून घरी आणलं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात एक मोठं झाड होतं आणि त्याच्याखाली लाकडी बाक. रोज दुपार कलली की ती तिथे बसायची आणि गोंड्या तिच्या चपलांवर हनुवटी टेकून झोपायचा.

ती शेवटची दवाखान्यात गेली ती समोरच्या थांब्यावरून, बसने. ती गेल्यावर गोंड्या रोज त्या थांब्यावर जाऊन उभा राहू लागला. अंगणाचं फळ्यांचं कुंपण कधीच कुजून पडलं होतं. एक दिवस तो पाववाल्याच्या गाडीखाली येता येता वाचला. पाववाला दारात येऊन ओरडला, "आजोबा, आज ब्रेक लागला. उद्या नाही लागला तर माझ्या नावाने बोंब मारू नका!"

म्हणून मुलगा मला घेऊन आला.

"फळ्याच ठोकू की पुन्हा," आजोबा म्हणाले.

"बाबा, फळ्या कधी ठोकणार तुम्ही? गुडघे बघा तुमचे. मला सुट्टी नाही. हे एका दिवसात होतं, आणि अंगणही मोकळं दिसतं."

आजोबांनी हट्ट धरला नाही. बायको गेल्यापासून ते कशालाच फार वेळ नाही म्हणत नसत. पण वायर पुरायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. नळवाल्याच्या घरात लाइन दुसऱ्याने टाकायची म्हणजे काय! गुडघ्याला फडकी बांधून ते स्वतः खणायला बसले. कोपऱ्यातल्या झाडापाशी आले तेव्हा त्यांच्या हाताने आपोआप वळण घेतलं. मुळांजवळून लाइन न्यायची नाही, मुळं पाइप फोडतात, हा त्यांचा जन्माचा नियम. वायरला मुळं काय करणार होती? पण हात ऐकतो थोडाच. त्यांनी झाडाला भरपूर जागा सोडून, सुरेख गोल वळण देऊन लाइन आत घेतली. मित्रांनो, त्या वळणाच्या पलीकडे झाड राहिलं आणि त्याच्याखालचा बाकही राहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग गोंड्याला शिकवण्यात आलं. लाइनीवर छोटी निशाणं रोवली होती. मुलाने गोंड्याला दोरीने तिकडे नेलं आणि मी माझं काम केलं. तो किंचाळला, हवेत उडाला आणि आपल्याला कोण चावलं ते बघायला गोल फिरला. कुणीच दिसलं नाही. दोरीच्या टोकाला मुलगा आणि समोर आजोबा, एवढेच उभे होते. काठीला घाबरावं तर काठी दिसते. मला घाबरायचं म्हणजे गवताला घाबरायचं, वाऱ्याला घाबरायचं. पोटभर शिव्या द्याव्यात असा मला राग आला, पण मला कारखान्याने एकच आवाज दिला आहे, पिं पिं.

गोंड्या शिकला. "हुशार आहे हो बेटा," मुलगा म्हणाला. निशाणं वाईट दिसतात म्हणून त्याने ती उपटून टाकली. गवत वाढलं. आजोबा लाइन विसरून गेले. नळवाला लाइन बुजवली की विसरतो, पाणी येतं की नाही तेवढंच बघतो. गोंड्या रस्त्यावर जात नव्हता, म्हणजे काम चोख झालं होतं. बाहेरची भटकी कुत्री मात्र खुशाल आत येऊन त्याच्या ताटलीत तोंड घालत. त्यांच्या गळ्यात मी नव्हतो.

त्यानंतर रोज दुपारी एकच गोष्ट घडू लागली. आजोबा बाकावर जाऊन बसत. गोंड्या त्यांच्या मागे धावत निघे. बाकाच्या अलीकडे मी पिं पिं करी आणि तो जागच्या जागी थिजून उभा राही. शेपूट हलवी, कुईकुई करी, पुढचा पाय उचली आणि परत ठेवी.

"ये ना रे," आजोबा म्हणत. पिं पिं त्यांना ऐकू जात नसे. "ये की. काय झालं तुला?"

शेजारच्या शिंपीणकाकू एकदा शिवणयंत्र थांबवून खिडकीतून म्हणाल्या, "का हो, जवळ येत नाही वाटतं?"

"ती गेली, त्याची मायाही गेली. मला कोण विचारतंय."

"तुमचं हे तोंड बघून माणसंही लांबच उभी राहतात. जरा हसा, मग बघा येतो की नाही."

आजोबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसले, पुन्हा हाक मारली, पुन्हा तो तिथेच थांबला. त्यांचे डोळे भरून आले. "विसरलास ना रे तिला? इतक्यात?" असं ते त्याला म्हणाले. अहो, तो विसरला नव्हता! तुम्हीच टाकलेल्या लाइनीवर तो उभा होता! मी ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे त्याला धमकी.

शेवटी आजोबा मुलाला म्हणाले, "तुझ्या त्या मित्राला कुत्रा हवा होता ना? घेऊन जा याला. रविवारी ये."

रविवारी सकाळी आजोबांनी गोंड्याला शेवटची अंघोळ घातली. पाठवायचा तर स्वच्छ पाठवायचा. साबण लावताना मी मध्ये येत होतो, म्हणून त्यांनी मला काढलं आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून आपल्याच मनगटाला गुंडाळून बक्कल लावलं. गोंड्याला पुसलं. मग त्याच्याकडे न बघता जड पावलांनी ते बाकाकडे निघाले. मी पिं पिं केलं. त्यांना ऐकू आलं नाही. ते पुढे चालत राहिले.

मी माझं काम केलं.

आजोबा हात झटकत खाली बसले. मागे गोंड्या भुंकत होता. आजोबांनी मनगट पाहिलं, बाक पाहिला, झाड पाहिलं. गवतावरून बोट फिरवत फिरवत त्यांनी हवेतच ते सुरेख गोल वळण काढलं. आणि मग त्या गप्प माणसाच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले, ते मी तुम्हाला सांगणार नाही. शिंपीणकाकूंनी खिडकी लावून घेतली.

मुलगा आला तेव्हा अंगण उकरलं जात होतं.

"बाबा, हे काय? कुत्रा तयार आहे ना?"

"वायर उपटतोय. तोडली नाही अजून, बाकापाशी तुझ्यासाठी पुरलेलीच ठेवलीय. आधी हात पुढे कर." आजोबांनी मला त्याच्या मनगटावर करकचून बांधलं. "आता आईच्या बाकापर्यंत चालून दाखव."

"अहो बाबा, दुकानदार म्हणाला होता..."

"चल म्हणतो ना!"

तो चालला. "आई गं!" करून उलटा फिरला.

"तुला निदान आई गं म्हणता आलं," आजोबा म्हणाले. "फळ्या कुठे मिळतात माहीत आहे ना? जा, घेऊन ये."

त्यांनी भिंतीवरची पेटी बंद केली आणि पक्कडीने वायरचे तुकडे तुकडे केले. मुलाने ती सुट्टी आणि पुढच्या सुट्ट्या फळ्या ठोकण्यात घालवल्या. झाड आणि बाक आत घेऊन, रस्त्याच्या कडेला, सरळ डोळ्यांना दिसणारं कुंपण उभं राहिलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी एवढा चिडलो नसतो. आजोबा मोकळ्या गळ्याच्या गोंड्याला घेऊन बाकाकडे निघाले. बाकाच्या अलीकडे, जिथे आता काही नव्हतं, तिथे गोंड्या थांबला. आजोबा पलीकडे बसून हाका मारत राहिले, पोळीचा तुकडा दाखवत राहिले. त्याने पाय उचलला आणि परत ठेवला. वायर जमिनीतून निघाली होती, त्याच्यातून निघाली नव्हती.

आजोबांनी त्याला ओढलं नाही. त्यांनी मुलाला हाक मारली आणि दोघांनी मिळून बाक उचलला. झाडाखालून, त्यांची बायको इतकी वर्षं जिथे बसली त्या सावलीतून, तो भर उन्हात वळणाच्या अलीकडे आणून ठेवला. डोक्यावर ओला पंचा घेऊन आजोबा त्यावर बसले. गोंड्या आला, वास घेत एक फेरी मारली आणि त्यांच्या चपलांवर हनुवटी टेकून पडला.

मी आता जुन्या तोट्यांच्या डब्यात पडलो आहे. माझी बॅटरी मेली आहे आणि माझ्यावर कुणी दया करू नये. मित्रांनो, कुंपण घालायचं असेल तर घाम गाळा आणि दिसेल असं घाला. जे आपल्या मनगटाला बांधून तुम्ही अंगणात चालणार नाही, ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नका. तो मुका आहे, तक्रार करणार नाही. तो फक्त अलीकडे उभा राहील, आणि तुम्ही म्हणाल त्याची माया आटली.

आजोबा अजून रोज उन्हातच बसतात. सावली मागे रिकामी असते.