कोऱ्या कागदावरचा पहारा

शरदाचं ऊन. डोंगरउतारावरून ओघळणारं, अंगणात सांडणारं, सुवर्णपीत, मंदगंभीर ऊन. त्या उन्हात कागदी छत्र्या वाळत होत्या, आणि घरभर कच्च्या पर्सिमन फळांच्या आंबवलेल्या रसाचा उग्र दर्प कोंदला होता. हा रस फासला की कागद पावसाला भीत नाही. क्योतोजवळच्या त्या छत्रीवाल्यांच्या घरात भातालाही तोच वास येई.

पुढं जिच्या बंडखोर चित्रांनी भल्याभल्यांची झोप उडायची होती, ती फुमिए तेव्हा नुसती सून होती. सुनेनं छत्र्या कराव्यात, चित्रं नव्हेत, असं सासूचं, शिगेचं, मत. तिनं कुंचले, शाई, सगळं पेटीत घालून कुलूप ठोकलं.

"यापुढं एक रेघ जरी ओढलीस, तर माहेरची वाट धर."

फुमिएनं मान डोलावली. मागच्या ओसरीच्या भिंतीवरचा तो मोठा कागद तेवढा राहू द्या, म्हणाली. कोराच दिसत होता. शिगेनं राहू दिला.

आणि कागदावर काहीतरी उगवू लागलं. आधी धूसर, मग पांडुर, मग चहाच्या डागाएवढं तांबूस: एक वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ, आणि आरपार जाणाऱ्या निर्दय रेघा.

संशय शिगेच्या उशाशी निजू लागला. तिनं सुनेच्या बाह्या झाडल्या, चूल उकरली, बोटं हुंगली. बोटांना रसाचा वास होता. तो तर त्या घरातल्या मांजरालाही होता. फुमिए आपली छत्र्यांना रस फाशीत राही. तो निवांतपणाच शिगेला जास्त झोंबे.

शेवटी ती कागदासमोर ठाण मांडून बसली. सकाळ गेली, दुपार कलली. कोणी आलं नाही. आलं ते फक्त ऊन. कागदावर चढलं आणि छपराच्या सावलीशी थबकलं. त्या सावलीतली चित्राची वरची कड अजून फिकीच होती.

शिगेनं स्वतःचे हात पाहिले. तोच रंग. हा रस उन्हात गडद होताना जन्मभर पाहिलेली बाई ती! पण तो अख्ख्या कागदाला फासायचा असतो. त्यानं कोणी चित्र काढील, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"हे काढलंस कधी?" तिनं सुनेला बोलावून विचारलं.

"कुंचले तुम्ही कुलपात घातलेत ना, आई, त्याच्या आदल्या दिवशी."

शब्द मोडला नव्हता. शिगेला लाज वाटली, रागही आला, आणि चित्र तर मुळीच कळलं नाही. ती उठली. कागद वीतभर खाली घेतला. सावलीबाहेर, सगळाच्या सगळा उन्हात. मग पुन्हा तिथंच बसली, तशीच डोळे बारीक करून, तशाच भुवया आवळून.

आता तिचा संशय ढगांवर होता.