होडीने ऐकलेला पाण्याचा शब्द

मित्रांनो, आज माझ्या पोटात मका वाळत घातला आहे. एके काळी आफ्रिकेतली ओपेनो नदी माझ्या दोन्ही कुशींना बिलगून वाहत असे. मी एका अखंड खोडाची होडी. अन्युआक जमातीच्या ओबांग नावाच्या माणसाने मला विस्तवाने पोखरले, वाकसाने तासले, आणि पहिल्यांदा पाण्यात लोटताना तो स्वतःशीच हसला.

माणसे पलीकडच्या काठाला उतरून जात. त्यांचे शब्द माझ्या लाकडात ओले राहत. अन्युआक पाण्याला 'पी' म्हणतात. एकदा नदी जिकडे वाहत जाते त्या मुलखातला शिल्लुक जमातीचा एक मासेविक्या बसला. त्याचे पाणीही 'पी'च होते. ओबांग आपल्या बायकोला, ओमोतची आई आरिएत हिला, म्हणाला, "तोंडात मासा धरल्यासारखा बोलतो लेकाचा, पण बोलतो आपलंच." पुढे दक्षिणेच्या सरोवराकाठचा एक लुओ सुतार आला, त्याची बोलीही भावंडासारखी. मला कुतूहल वाटे, या साऱ्या बोली एकाच खोडातून कोरल्या असतील काय?

शेजारच्या नुएर लोकांना मात्र ओबांग माझ्यात बसू देत नसे. त्यांच्या गावाशी झालेल्या भांडणात त्याचा भाऊ गेला होता. त्यांची बोली म्हणजे नुसता खोकला, असे तो म्हणे.

एका कोरड्या दुपारी एक नुएर बाई काठाशी आली. पाठीवरचे पोर तापाने फणफणलेले, दवाखाना पलीकडे. ओबांगने तोंड फिरवले आणि वल्हे उचलले. तेवढ्यात पोर पुटपुटले, "पीउ."

वल्हे हवेतच थांबले.

काठावर उभ्या आरिएतने भोपळ्याचे भांडे नदीत बुडवले. "ओमोतच्या बापा, पाणी मागतंय ते."

"कळलं मला."

"कसं कळलं? नुएर येतं वाटतं तुला?"

ओबांगने भांडे तिच्या हातातून घेऊन स्वतः पोराच्या ओठांना लावले. मग बाईला हाताने जागा दाखवली. इतक्या वेगाने त्याने मला कधी वल्हवले नव्हते. परतताना एकटाच असताना तो दोन्ही शब्द हळूच उच्चारून पाहत होता. सख्खे नव्हेत, पण चुलत खासच.

पुढे यंत्राच्या नावा आल्या, आणि मी उन्हात पडून चिरले. मित्रांनो, लाकूड पाण्यावाचून चिरते, तशी बोली जिभेवाचून. तुमची बोली ओली ठेवा. आणि परकी कानी आली, तर तोंड फिरवण्याआधी क्षणभर वल्हे थांबवा. कोणीतरी पाणी मागत असेल.